गॉलवेत उतरायचं कुठे?

गॉलवेला गेलात तर कुठल्या भागात उतरावं, हे मला विचारू नका. पनवेलच्या खांदा कॉलनीतले लोक विचारतात, कारण गेली सव्वीस वर्षं मी इथे जागा दाखवण्याचा धंदा करतो. कुठल्या बिल्डिंगला पाण्याचा जोर नाही, कुठल्या गल्लीत संध्याकाळी डास उठतात, कुठल्या सोसायटीचा सेक्रेटरी भांडकुदळ आहे, हे मी झोपेतही सांगेन. पण आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या त्या शहरात मी आठ दिवसांत तीन जागा बदलल्या. त्यातल्या दोन मी स्वतः निवडल्या होत्या आणि त्या दोन्ही सोडाव्या लागल्या.

खरं तर निवडायची गरजच नव्हती. माझी मुलगी ऋतुजा सहा वर्षं तिथे आहे. हृदयात बसवायच्या नळ्या बनवणाऱ्या एका कारखान्यात ती इंजिनीअर आहे, आणि मागच्या वर्षी तिने तिथे स्वतःचं घर घेतलं. मला न विचारता घेतलं. पनवेलमधले डॉक्टर, वकील घर घेण्याआधी मला फोन करतात, आणि माझी पोरगी घराच्या किल्लीचा फोटो पाठवते! फोटो आला तेव्हा माझ्या ऑफिसात दोन गिऱ्हाइकं बसली होती. मी लगेच नकाशा उघडला. क्लाडा नावाची वस्ती, एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र. मी फोन लावला आणि गिऱ्हाइकांच्या देखत म्हणालो, "अगं, आपण खाडीच्या पाण्यातून वर आलेली माणसं, आणि तू परत पाण्यात जाऊन बसलीस? बुडशील."

"बाबा, घर घेऊन झालंय," ती म्हणाली.

त्यानंतर अकरा महिने आमचं बोलणं सुमनच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या मार्फत चाललं होतं. "बाबांनी गोळ्या घेतल्या का विचार." "घेतल्या म्हणावं."

त्यामुळे तिकडे जायचं ठरलं तेव्हा मी जाहीर केलं की आपण हॉटेलात उतरायचं. पोरीच्या घरी आठ दिवस पडून राहणं बरं नव्हे, असं काहीतरी कारणही सांगितलं. सुमन एवढंच म्हणाली, "तुमी हाटेलात राव. मी आयेच हाय, मी पोरीकरं जाणार." शेवटी तडजोड झाली. पोरीच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवरची जागा घ्यायची. माझा मान राहील इतकी लांब, आणि डबा गरम येईल इतकी जवळ.

भर बाजारात

जागा शोधताना मी पनवेलचाच हिशेब लावला. स्टेशनजवळ, बाजाराजवळ, सगळं हाताशी. बस जिथे थांबते त्या मोठ्या चौकापासून पाच मिनिटांवर, दगडी फरसबंदीच्या जुन्या गल्लीत एक खोली मिळाली. फोटोत खिडकीला फुलांच्या कुंड्या होत्या. कुंड्या खऱ्या निघाल्या. फोटोत जिना नव्हता, तो मात्र प्रत्यक्षात होता, तीन मजले, अरुंद आणि उभा, आणि लिफ्ट नव्हती. "लिफ्ट आहे का?" हा प्रश्न गिऱ्हाइकाने विचारला नाही तर मी मनातल्या मनात त्याला मूर्ख म्हणतो.

ऋतुजा बसस्टँडवर घ्यायला आली होती. वाळली होती थोडी. आईच्या गळ्यात पडली, मग माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "बाबा, घरी चला. खोली तयार आहे."

"बुकिंग आहे ना," मी म्हणालो.

तिने पुन्हा आग्रह केला नाही. दोन्ही बॅगा उचलून तिसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवल्या आणि बसायला खुर्चीसुद्धा नसलेल्या त्या खोलीतून परत गेली.

खोलीच्या खाली पब होता, हे मला संध्याकाळी कळलं. म्हणजे जाहिरातीत लिहिलं होतं, 'संगीताच्या सान्निध्यात', पण मला वाटलं जवळ सभागृह वगैरे असेल. फिडल, बासरी आणि हाताने वाजवायचं एक गोल चामडी वाद्य, आणि त्या तालावर लाकडी जमिनीवर आपटणारे शेपन्नास पाय. आमचा पलंग हळूहळू भिंतीकडून दरवाज्याकडे सरकत होता.

सकाळी सुमन पलंगावर पाय सोडून बसली होती. "रातभर हळद व्हती खाली," ती म्हणाली. "आपल्या गावची हळद बरी. येक रात नाचतान, दुसरे दिशी लगीन लागतं नि सुटका. इथं तं रोजच हळद."

दुसऱ्या रात्रीही हळद झाली. दिवसा मात्र ती गल्ली मला आवडली. रस्त्यात उभं राहून गाणारी पोरं, त्यांच्यापुढे उघड्या ठेवलेल्या पेट्या, कालवं लिंबू पिळून कच्चीच गिळणारे लोक. आमच्याकडे कालवं खडकावरून फोडून आणतात आणि त्याचं आंबट करतात. कच्चं कुणी खाल्लं तर घरची माणसं डॉक्टरकडे नेतील. मी एक खाल्लं. समुद्राचा घोट घेतल्यासारखं लागलं. सुमनने माझ्याकडे बघून तोंडाला पदर लावला.

रविवारी सकाळी सुमनचे गुडघे जिना उतरेनात. एकेका पायरीवर बसत ती खाली आली. मी तिसऱ्याच दिवशी त्या खोलीचा नाद सोडला. ऋतुजाला फोन करायचा तर हार मानल्यासारखं होतं. म्हणून चौकातल्या बाकावर बसून मी मोबाइलवर दुसरी जागा शोधली.

सॉल्टहिल

या वेळी मी सगळे प्रश्न विचारले. जिना? खोली तळमजल्यावर. पब? शेजारी नाही. समुद्र? रस्ता ओलांडला की समुद्र. सॉल्टहिल हे शहराला लागून पश्चिमेकडचं उपनगर, लांबच लांब किनाऱ्याची वाट, पलीकडे उपसागर आणि त्याच्याही पलीकडे निळसर डोंगर. नावात मीठ आहे म्हणून मला जरा आपलेपणा वाटला. आमची मिठागरं होती उरणला, द्रोणागिरीच्या बाजूला. आता तिथे कंटेनर रचून ठेवलेत. सॉल्टहिलला मीठ पिकत नाही, हे मला घरमालकीण नोराबाईंनी सांगितलं. सत्तरीच्या, गुबगुबीत, आणि दर वाक्याला "माय लव्ह" म्हणणाऱ्या. पहिल्यांदा मला उद्देशून म्हणाल्या तेव्हा मी सुमनकडे बघितलं.

"दोनच रात्री देऊ शकते," नोराबाई म्हणाल्या. "मंगळवारपासून विद्यापीठाचा पदवीदान समारंभ. सगळ्या गावात आईबाप येतात."

"हरकत नाही, पुढचं मी बघतो," मी म्हणालो. सव्वीस वर्षांचा अनुभव होता ना.

सोमवारी सकाळी नोराबाईंनी भलामोठा नाश्ता मांडला. सुमनचा सोमवारचा उपास, तिने केळं आणि चहा घेतला. आम्ही आगरी माणसं, मासे-मटणावर वाढलेली, पण सोमवार मीही पाळतो. उपास नाही, नुसतं अंडंमांस खात नाही. म्हणून मी सॉसेज, अंडं बाजूला सारलं. ताटात दोन काळ्या गोल चकत्या होत्या. मी विचारलं हे काय, तर नोराबाई म्हणाल्या, "पुडिंग, माय लव्ह." पुडिंग म्हणजे गोड, एवढं मला माहीत होतं. दोन्ही खाल्ल्या. गोड नव्हत्या, पण मिऱ्याची चव छान होती. मी आणखी मागितल्या.

"आवडलं का? पुष्कळ परदेशी लोक रक्त म्हटलं की हात लावत नाहीत," नोराबाई म्हणाल्या.

"कसलं रक्त?"

"डुकराचं. आणि ओट."

सुमनला इंग्रजी फारसं येत नाही, पण 'ब्लड' कळलं. ती केळं हातात धरून इतकी हसली की नोराबाई पाणी घेऊन धावल्या. "सोमवार हाय ना आज?" ती मला विचारत होती. "आता देव येल रातचा सपनात, इचारायला."

दुपारी ऋतुजा येऊन आईला आपल्या घरी घेऊन गेली. मला विचारलं, मी म्हणालो, "मी जरा फिरतो." संध्याकाळी किनाऱ्याच्या वाटेने निघालो. बूट आदल्या दिवशीच्या पावसात भिजलेले, म्हणून पायात चपला होत्या. त्या गार वाऱ्यात अख्खं गाव चालत होतं, आणि वाटेच्या टोकाला, जिथे उंच फळीवरून लोक बर्फासारख्या पाण्यात उड्या मारतात, तिथे पोचल्यावर प्रत्येक जण समोरच्या भिंतीला लाथ मारून परत फिरत होता. म्हातारी माणसं, बाबागाडी ढकलणाऱ्या आया, सगळे. कुत्रा घेऊन चाललेल्या एका गृहस्थांना मी कारण विचारलं.

"कारण कुणालाच ठाऊक नाही," ते म्हणाले. "पण भिंतीला लाथ मारली नाही तर चालणं झालं असं होत नाही. मारा तुम्ही."

लोक बुटाचं टोक नुसतं टेकवत होते, हे माझ्या ध्यानात आलं नाही. मला वाटलं, पनवेलचं नाव राखायला हवं. चार पावलं मागे गेलो आणि धावत येऊन उजव्या पायाने दणकून लाथ हाणली. भिंत दगडी होती. कुत्रा भुंकला. त्या गृहस्थांनी मला खाली बसवलं आणि म्हणाले, "इतक्या मनापासून कुणी मारत नाही हो."

मंगळवारी सकाळी अंगठा वांग्याच्या रंगाचा झाला होता. तशा पायाने मी बॅग ओढत सॉल्टहिलची चार घरं पालथी घातली. प्रत्येक दारात 'जागा नाही' अशी पाटी. पाचव्या घराकडे निघालो तेव्हा सुमन बाकावरून उठलीच नाही.

"पुरे झाला," ती म्हणाली. "अख्ख्या पनवेलला घरा दाखवतंव नि आपल्याला ऱ्हायाला जागा नाय. पोरीचा घर हाय तिथं. मी फोन लावलाय."

दहा मिनिटांत ऋतुजाची गाडी आली. तिने माझ्या पायाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बसा," एवढंच म्हणाली आणि पुढचं सीट मागे सरकवून दिलं.

क्लाडा

क्लाडा हे शहराहून जुनं कोळीवाड्यासारखं गाव. नदी समुद्राला मिळते त्याच्या मुखाशी, बाजाराच्या अगदी समोरच्या काठावर. पूर्वी गवताने शाकारलेली घरं होती म्हणे, आता एकसारख्या छोट्या दुमजली घरांच्या रांगा आहेत. धक्क्याशी हंसांचा थवा, काळ्या बुडाच्या दोनचार जुन्या होड्या, हवेत जळत्या मातीचा धूर. इथे दलदलीतली माती वाळवून शेणीसारखी जाळतात. ऋतुजाचं घर रांगेत मधलं, दाराला पिवळा रंग, दारापुढे तीन पायऱ्या.

मी ठरवलं होतं की घराबद्दल काही बोलायचं नाही. चांगलंही नाही, वाईटही नाही. सोफ्यावर बसलो, पाय स्टुलावर. ऋतुजाने फ्रीजमधली गोठलेल्या मटारांची पिशवी आणून अंगठ्यावर ठेवली. संध्याकाळी त्याच मटारांची उसळ झाली. मी निमूटपणे खाल्ली.

बुधवारी कोजागिरी होती. ऋतुजा कामावर गेली, जाताना म्हणाली, "आज मोठी भरती आहे. शेजारचे मार्टिन वाळूच्या पिशव्या आणून देतील, दाराशी ठेवून घ्या. मी चारला येते." सुमन आत दूध आटवत होती. बारा वाजता मार्टिन आले. उंच, वाकलेले, उमेदीची वर्षं मासेमारीच्या बोटीवर गेलेली. ढकलगाडीत आठ पिशव्या.

आता भरती-ओहोटीचं मला कुणी शिकवायचं? आमच्याकडे पोरासोरांनाही येणारा हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. मी घड्याळ बघितलं. बारा वाजून गेलेले, रस्ता कोरडा. मी मार्टिनना माझ्या इंग्रजीत सगळं समजावलं, बोटांवर मोजून दाखवलं. भरती होऊन गेली, आता ओहोटी लागली, पिशव्या परत न्या, तुमची पाठही दुखत असेल.

"असं का?" मार्टिन म्हणाले. त्यांनी धक्क्याकडे एकदा बघितलं, माझ्याकडे एकदा बघितलं. "तुम्ही तिचे वडील ना?"

"होय."

"बरं," म्हणाले आणि ढकलगाडी घेऊन परत गेले. मी सोफ्यावर आडवा झालो आणि समाधानाने झोपलो.

चारला ऋतुजाने मला हलवून उठवलं. "बाबा, पिशव्या कुठायत?"

"परत पाठवल्या. भरती सव्वाअकरालाच होऊन गेली."

"ती उरणला, बाबा," ती म्हणाली. "इथे पौर्णिमेची भरती साडेपाचला असते."

मी आजवर पुष्कळ वेळा तोंडघशी पडलोय, पण असं पडलो नव्हतो. खिडकीतून बघितलं तर धक्क्यावरचं पाणी काठाला टेकलं होतं आणि समुद्राकडून वारा सुटला होता. ऋतुजा पळत मार्टिनकडे गेली. त्यांनी पिशव्या स्वतःच्याच दाराआड ठेवल्या होत्या. मग ती दोघं पिशव्या आणू लागली. मीही उठलो, एका पायात चप्पल आणि दुसऱ्यात ऋतुजाचा लोकरी मोजा, आणि एक पिशवी पोटाशी धरून लंगडत निघालो. ती खाली पडली आणि फुटली. "बाबा, तुम्ही दार धरा," ऋतुजा म्हणाली. मी दार धरलं. तिने जिन्याखालून एक निळी फळी काढली, दाराच्या चौकटीला बसवलेल्या खाचेत सरकवली, दोन्ही बाजूंचे स्क्रू आवळले, खाली पिशव्या रचल्या. एकही हालचाल वाया गेली नाही. मिठागराचा बांध फुटायला आला की माझा बाप असा काम करायचा, तोंडातून शब्द न काढता.

पाणी रस्त्याच्या गटारातूनच वर आलं. आधी काळा डाग, मग चकाकता पट्टा, मग अख्खी गल्लीच. सुमन वरच्या खिडकीतून सांगत होती, "आला, आला. पयल्या पायरीवर आला." आम्ही तिघं फळीच्या आतून बघत होतो. पाणी पहिली पायरी चढलं आणि दुसरीच्या कडेला येऊन चाटत राहिलं.

"थांबलं," मार्टिन म्हणाले. "याच्या वर येत नाही. तुमच्या मुलीला माहीतच आहे."

"तिला कसं माहीत?"

"तुम्हाला सांगितलं नाही तिने? घर घ्यायच्या आधी ती तीनदा आली होती. तिन्ही वेळा उधाणाच्या भरतीला, गुडघ्यापर्यंतचे बूट घालून या रस्त्यात उभी. मी विचारलं, पोरी, काय करतेस, तर म्हणाली, माझे वडील सांगतात, जागा भर उधाणात बघावी. कोरड्यात सगळ्याच जागा चांगल्या दिसतात."

हे मी तिला कधी सांगितलं, मला आठवेना. ती शाळेत असताना माझ्या ऑफिसात कोपऱ्यातल्या टेबलावर अभ्यास करत बसायची. कुठल्या तरी गिऱ्हाइकाला सांगितलं असेन.

पाणी उतरायला लागलं तेव्हा मार्टिन गेले. ऋतुजा पायरीवरचं शेवाळ झाडूने काढत होती. मी दारात उभा होतो.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तुम्ही विचारलं कुठे, बाबा? तुम्ही सांगत होतात." ती झाडत राहिली. तिचा आवाज चिडलेला नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं.

घर बुडेल ही माझी भीती नव्हतीच. पोरीने तिकडे घर घेतलं म्हणजे ती आता परत येत नाही, हे मला किल्लीच्या त्या फोटोत दिसलं होतं. ते बोलता येईना म्हणून मी पाण्याबद्दल बोललो, तेही दोन परक्या माणसांसमोर.

"चुकलो मी," मी म्हणालो. "घर दाखवतेस का?"

तिने झाडू भिंतीला टेकवला, हात पुसले आणि खरोखरच दाखवायला लागली. खालची खोली, दक्षिणेकडची खिडकी, हिवाळ्यात दुपारी एवढंच ऊन येतं म्हणून टेबल इथे. स्वयंपाकघर, आधीच्या मालकाने केलेली फरशी, वाकडी आहे पण काढली नाही. मी गिऱ्हाइकासारखा मागून लंगडत होतो. पाण्याचा जोर कसा आहे? चांगला. भिंतीला ओल? उत्तरेच्या भिंतीला थोडी, उन्हाळ्यात रंग काढून बघणार आहे. शेजार? बघितलात ना. वरची तिची खोली, आणि तिच्या समोर एक छोटी, जेमतेम एक पलंग मावेल अशी, खिडकीतून धक्का दिसणारी. पलंगावर नवी चादर होती, घडीच्या खुणा अजून न गेलेली, आणि उशाला माझ्या वाचायच्या चष्म्यासाठी म्हणून भिंतीत एक दिवा बसवलेला. मंगळवारी मी तिथेच झोपलो होतो आणि हे काहीच बघितलं नव्हतं.

मी पलंगाच्या कडेवर बसलो. खाली सुमन दुधाच्या वाट्या भरत होती, वेलदोड्याचा वास वर येत होता.

"संपले प्रश्न?" ऋतुजाने विचारलं.

एक उरला होता. तो मी विचारला नाही. "उन्हाळ्यात कसं असतं इथे?" असं विचारलं.

"साडेदहापर्यंत उजेड असतो. तुम्ही दोघं उन्हाळ्यात या. महिनाभर."

"बघू," मी म्हणालो, आणि तिचा चेहरा पडायच्या आत घाईघाईने म्हणालो, "येतो."